रोजची कोरी फाईल आणि मेसचे खाडे

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बीएस्सी झालंय, वय २६, मगरपट्ट्यात डेटा एंट्रीची नोकरी, राहायला हडपसर गाडीतळाजवळ, रात्री जेवण झाल्यावर दीड तास मिळतो. सहा महिने व्हिडिओ बघून वेब डेव्हलपमेंट शिकतोयस, बघताना सगळं समजतं पण व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये नवीन फाईल उघडली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. १०० दिवसांचं चॅलेंज घेऊ का, रिॲक्ट (पानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) कधी चालू करू, एआयला विचारलेलं चालतं का, ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे होईल का, आणि शेवटी "सर, मला हे खरंच जमणार आहे का".

सर नको, दादा म्हण. मी चौदा वर्षं हेच काम करतोय आणि गेली काही वर्षं आमच्याकडे नवीन येणाऱ्या पोरापोरींना तयार करायचं काम माझ्याकडेच असतं, त्यामुळे नेमकं असंच अडकलेली माणसं मी बरीच बघितलीत. जमणार आहे. पण तू सहा महिने जे केलंस तो सराव नव्हता, ते बघणं होतं, आणि ही गोष्ट आधी नीट समजून घे कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे.

गणपतीच्या आधी महिना-दोन महिने नदीपात्रात ढोल पथकांच्या प्रॅक्टिस चालतात ना, तिथे कठड्यावर उभं राहून रोज ऐकलंस तर पंधरा दिवसात तुला सगळे ताल ओळखू यायला लागतील, पथक कुठे चुकलं तेसुद्धा कळेल. आणि मग कुणीतरी कमरेला ढोल बांधून हातात टिपरू दिलं की पहिल्या दोन आवर्तनांत घोडं अडतं. कारण ओळखणं वेगळं आणि स्वतःच्या आतून बाहेर काढणं वेगळं. व्हिडिओ बघताना तुझं डोकं ओळखायचं काम करत असतं, हां इथे मांडणीला फ्लेक्स लावला, हां इथे क्लिक पकडायला इव्हेंट लिसनर लावला, बरोबर. समोर उत्तर असतं म्हणून सगळं पटतं. कोऱ्या फाईलपुढे उत्तर नसतं, तिथे आठवावं लागतं, आणि आठवायची सवय तू एक दिवसही केलेली नाहीस. व्हिडिओ थांबवून थांबवून त्याच्यासारखं टाईप करणं हेही आठवणं नाहीये बरं का, ती नक्कल आहे, बोटं चालतात, डोकं चालत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की रोजच्या वेळातली पहिली वीस-पंचवीस मिनिटं कोऱ्या फाईलची. व्हिडिओ बंद, कालचा कोड बंद, एआय बंद, एडिटरमधल्या आपोआप पूर्ण होणाऱ्या सूचनासुद्धा बंद कर सेटिंगमध्ये जाऊन. आणि एखादी छोटी गोष्ट, जी तू आधी बघितली आहेस, ती मनाने लिहायची. अडलास तर पाच मिनिटं तसंच बसायचं. खरंच बसायचं, मोबाईल हातात घ्यायचा नाही. ती जी तगमग होते ना, की अरे कालच तर बघितलं होतं, तिथेच गोष्ट डोक्यात रुजते. मग बघायचं, समजून घ्यायचं, फाईल पुसून टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायची. पुसायचं हे महत्त्वाचं आहे, बहुतेक जण पुसत नाहीत, फक्त अडलेली ओळ आणून चिकटवतात आणि पुढे जातात.

काय लिहायचं, तर अगदी सांगाड्यापासून. व्हीएस कोडमध्ये उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबलं की एचटीएमएलचा, म्हणजे पान ज्या भाषेत रचतात तिचा, आख्खा सांगाडा येतो, पण पहिला आठवडाभर तो हाताने लिही आणि प्रत्येक ओळ काढून बघ की काय बिघडतं. व्ह्यूपोर्टवाली मेटा ओळ काढ आणि मोबाईलवर बघ, आख्खं पान मुंगीएवढं दिसेल कारण ब्राउझर ते डेस्कटॉपच्या रुंदीचं समजून आक्रसतो. अक्षरं कशी वाचायची ते ब्राउझरला सांगणारी कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ ची ओळ काढलीस तर मराठी मजकुराच्या जागी कचरा दिसू शकतो. एकदा स्वतः बिघडवून बघितलंस की ती ओळ आयुष्यात विसरणार नाहीस. तसंच एक फॉर्म, लेबल आणि इनपुट एकमेकांना जोडून, म्हणजे लेबलवर बोट ठेवलं तरी कर्सर इनपुटमध्ये जायला पाहिजे. मग एक कार्ड, फोटो डावीकडे, मजकूर उजवीकडे, बटण खाली. हेच कार्ड सलग तीन दिवस लिही. पहिल्या दिवशी पाऊण तास लागेल, तिसऱ्या दिवशी बारा मिनिटं. फ्लेक्समध्ये जस्टिफाय कुठे आणि अलाईन कुठे हा गोंधळ सगळ्यांचा होतो, जस्टिफाय नेहमी मुख्य दिशेला काम करतं आणि दिशा कॉलम केली की मुख्य दिशाच उभी होते, हे वाक्य मी शंभर वेळा सांगून उपयोग नाही, तिसऱ्या दिवशी हाताला कळतं.

आमच्याकडे एक मुलगी आली होती, बार्शीची, कर्वेनगरला तीन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहायची. तिने एक साधी दोनशे पानी वही केली होती, वर लिहिलेलं 'काय विसरले'. कोऱ्या फाईलमध्ये जे जे आठवलं नाही ते त्या दिवशीच्या तारखेखाली एका ओळीत. मी ती वही बघितली आहे, पहिल्या महिन्यात 'ॲड इव्हेंट लिसनर मध्ये फंक्शनचं नाव द्यायचं, कंस लावून कॉल करायचं नाही' हीच ओळ नऊ वेळा होती. नऊ वेळा. दुसऱ्या महिन्यात एकदा. शिकणं म्हणजे काय ते मला त्या वहीत जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं कुठल्याच सर्टिफिकेटवर दिसलं नाही. तूही वही कर, आणि दर रविवारी त्यातल्या पाच ओळी घेऊन त्यांच्यावरच कोरी फाईल लिही.

आता उरलेला तास. हा एकाच प्रोजेक्टला दे, रोज नवीन काहीतरी नको. आज टू-डू लिस्ट, उद्या कॅल्क्युलेटर, परवा वेदर ॲप असं करत गेलास तर प्रत्येक गोष्टीचा सोपा अर्धा भाग होतो आणि अवघड अर्धा कायम राहून जातो. आणि प्रोजेक्ट तुझ्या आजूबाजूच्या आयुष्यातला असू दे जिथे नियम खरे असतात. त्या बार्शीच्या मुलीने मेसच्या खाड्यांचा हिशोब घेतला होता आणि तेव्हापासून मी सगळ्यांना तोच देतो, कारण त्यात सगळं आहे.

मेस तुला माहितीच असेल. महिन्याचे पैसे आधी भरायचे, दोन वेळचं जेवण, न जेवलेल्या वेळेचा खाडा धरायचा आणि महिनाअखेरीला खाडे वजा करून पुढच्या महिन्याचा हिशोब. पण बहुतेक मेसमध्ये अट असते की सुटे खाडे धरणार नाही, सलग तीन असतील तरच. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. आता यावर एक वेब पान बनवायचं, महिन्याचे चौकोन, प्रत्येक दिवसाला सकाळ-संध्याकाळ, टॅप केलं की खाडा, खाली एकूण वजावट. ऐकायला एका संध्याकाळचं काम वाटतं, तिला पाच आठवडे लागले आणि त्या पाच आठवड्यांत ती डेव्हलपर झाली.

पहिलाच अडथळा बेरजेचा. इनपुटमधून जे येतं ते कायम स्ट्रिंग, म्हणजे मजकूर असतं, त्यात आकडा लिहिला असला तरी. म्हणून दोन खाडे अधिक एक खाडा बरोबर एकवीस खाडे येतात. नंबरमध्ये बदलून घ्यावं लागतं. असंच सॉर्टचं, आकड्यांच्या ॲरेवर, म्हणजे यादीवर, नुसतं सॉर्ट लावलंस तर ९, १०, १०० हे १०, १००, ९ असे लागतात कारण काही सांगितलं नाही तर जावास्क्रिप्ट आकड्यांना शब्द समजून लावते. हे वाचून कळतं, पण स्वतःच्या पानावर एकवीस खाडे बघितले की लक्षात राहतं.

मग तारखा. इथे मी थोडा थांबतो कारण भारतात बसून काम करणाऱ्या प्रत्येकाला हा घोटाळा एकदा तरी चावतो. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून चालू होतात, जानेवारी शून्य, ऑगस्ट सात. ब्रेंडन आईकने १९९५ मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत ही भाषा पहिल्यांदा उभी केली आणि तारखेचा भाग त्या वेळच्या जावावरून जसाच्या तसा उचलला गेला, तिथे महिने शून्यापासून होते म्हणून इथेही. ते आजही तसंच आहे कारण बदललं तर जगातली लाखो पानं मोडतील. तर तिने महिने बरोबर केले, पान सुंदर दिसत होतं, आणि दोन दिवसांनी आली, "दादा, मी १५ ऑगस्टला खाडा मारते, पान बंद करून उघडलं की तो १४ ला दिसतो." दोन संध्याकाळी ती त्याच्यामागे होती. तिला वाटत होतं लूप चुकलाय, एकने मागेपुढे झालंय, म्हणून तिने एक मिळवून बघितला, तर बाकीचं बिघडलं.

मी तिला फक्त एवढंच सांगितलं की सेव्ह करायच्या आधीची ओळ ब्राउझरच्या कन्सोलवर छाप आणि जे दिसेल ते मोठ्याने वाच. तिने वाचलं, १४ ऑगस्ट, १८ वाजून ३० मिनिटं, आणि शेवटी झेड. ती म्हणाली "साडेसहा कुठून आले?" आणि मग स्वतःच गप्प झाली. आपण १५ तारीख म्हणतो तेव्हा ब्राउझर ती आपल्या इथली मध्यरात्र धरतो, आणि सेव्ह करताना तिने आयएसओ स्ट्रिंगमध्ये बदलणारं जे फंक्शन वापरलं होतं ते वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत नेतं (तो झेड त्याचीच खूण), आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून मध्यरात्रीतून साडेपाच तास वजा झाले की आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा. तिने त्या स्ट्रिंगची फक्त पहिली दहा अक्षरं ठेवली होती, म्हणून १४. बघ, ही चूक लंडनमध्ये थंडीच्या दिवसात बसून व्हिडिओ बनवणाऱ्याला दिसणारच नाही, तिथे तेव्हा फरक शून्य असतो. त्याच्याकडे चालतं आणि तुझ्याकडे चालत नाही आणि तू समजतोस माझंच डोकं कमी. डोकं कमी नसतं. आपण हडपसरमध्ये बसलेलो असतो एवढंच. उपाय सोपा आहे, नुसती तारीख हवी असेल तर वर्ष, महिना, दिवस हे स्थानिक फंक्शनने वेगवेगळे काढून स्वतः जोडायचे.

जाता जाता, महिन्यात दिवस किती हे काढायला लीप वर्षाचे नियम लिहीत बसू नको, पुढचा महिना आणि दिवस शून्य देऊन तारीख बनवली की या महिन्याचा शेवटचा दिवस मिळतो.

मग सलग तीनची अट. हे कागदावर कर आधी, प्लीज, डायरेक्ट टाईप करू नको. एक काउंटर ठेवायचा, खाडा दिसला की वाढवायचा, जेवण दिसलं की बघायचं काउंटर तीन किंवा जास्त आहे का, असेल तर वजावटीत मिळवायचा, आणि असो वा नसो, काउंटर शून्य करायचा. बरोबर वाटतंय ना? तिलाही वाटलं, मैत्रिणींचा हिशोबही जुळला, एकीचा सोडून. ती एक २८ तारखेला घरी गेली होती आणि थेट पुढच्या महिन्यात आली. तिचे महिनाअखेरीचे खाडे धरलेच नव्हते, कारण वजावटीत मिळवायचं काम जेवण दिसल्यावरच होतं आणि तिच्या बाबतीत महिना संपेपर्यंत परत जेवण दिसलंच नाही. लूप संपल्यावर एकदा शेवटचा काउंटर तपासायला लागतो. ही चूक कॉलेजच्या पुस्तकातही असते, पण तिथे ती आकड्यांच्या यादीवर असते, इथे एका मुलीचे खरे पैसे जात होते, म्हणून ती तिला कायमची कळली.

आणि मग प्रश्न आला की सलग तीन म्हणजे तीन वेळा का तीन दिवस, आणि रविवारी संध्याकाळी मेसच बंद असते तर ती वेळ साखळी तोडते का नाही. म्हणजे शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी जेवली नाही, रविवारी संध्याकाळी बंद, सोमवारी सकाळी जेवली नाही, हे सलग तीन झाले का? याचं उत्तर जावास्क्रिप्टमध्ये नाही, मेसवाल्या काकूंकडे आहे. ती जाऊन विचारून आली. काकू म्हणाल्या सलग तीन वेळा, बंद वेळ मोजायची नाही, मधे आली तर सोडून द्यायची. ही जी उठून जाऊन विचारण्याची सवय आहे ना, ती नोकरीत निम्मं काम करते, आणि व्हिडिओ बघून ती लागत नाही.

डेटा ठेवायला सुरुवातीला ब्राउझरमधलंच लोकल स्टोरेज पुरे. त्यात फक्त स्ट्रिंग राहते, ऑब्जेक्ट तसाच टाकलास तर वाचताना 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट' एवढंच परत मिळतं, म्हणून जेसन या मजकुराच्या रूपात बदलून ठेवायचं आणि परत उलगडायचं. पैसे दाखवताना लोकेल, म्हणजे भाषा-देशाची खूण, एन-आयएन दिलंस तर आपल्या पद्धतीने १,००,००० असे स्वल्पविराम येतात, एमआर-आयएन दिलंस तर आकडेही देवनागरीत. पुढे नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि डेटाबेस लावून काकूंसाठी वेगळं पान कर. आणि झालं की काकूंच्याच मोबाईलवर उघडून बघ, तुझ्या लॅपटॉपवर नाही. आमच्या मुलीने बघितलं तर काकूंचे हात पिठाचे, चौकोन एवढे बारीक की एक दाबायला जावं तर दुसरा दाबला जायचा, आणि पान उघडायलाच वेळ लागत होता कारण वर एक मोठा थाळीचा फोटो टाकलेला. फोटो गेला, चौकोन मोठे झाले.

एरर आली की घाबरून लगेच कॉपी करून कुठेतरी टाकू नको. पहिली ओळ वाच आणि ओळ नंबर बघ, बास. सुरुवातीच्या काळात सगळ्यात जास्त दिसणारी एरर म्हणजे 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल', म्हणजे तू ज्या एलिमेंटला हात लावायला गेलास तो सापडलाच नाही. एक तर आयडीचं स्पेलिंग चुकलंय, नाहीतर स्क्रिप्टची फाईल हेडमध्ये जोडली आहे आणि पान तयार व्हायच्या आधीच ती पळाली, तिथे डिफर लिहिलं की काम होतं. मी वीस मिनिटांचा नियम सांगतो, वीस मिनिटं स्वतः, ब्राउझरच्या डेव्ह टूल्समध्ये ब्रेकपॉइंट लावून एकेक ओळ पुढे सरकवत बघायचं की कुठल्या ओळीला आकडा बिघडला, मग मोझिलाची एमडीएन ही माहितीची साईट बघायची, आणि मग कुणाला विचारायचं. विचारताना काय करायचं होतं, काय झालं आणि मी काय काय करून बघितलं हे तिन्ही लिहायचं. असं लिहिता लिहिताच बऱ्याच वेळा उत्तर सापडतं.

एआयबद्दल स्पष्ट सांगतो. कामावर मी वापरतो, आमची टीम वापरते, आणि तुलाही पुढे वापरायला लागेल. पण शिकताना त्या दीड तासात ते तुझ्याकडून नेमकी आठवण्याची मेहनत काढून घेतं. २०२२ नंतर, कोड सुचवणारं कोपायलट सगळ्यांना मिळायला लागलं आणि वर्षअखेरीला चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून मुलाखतीला येणाऱ्यांची प्रोजेक्ट फार देखणी असतात आणि त्यातली एक अट बदल म्हटलं की समोरच्याला घाम फुटतो, कारण तो कोड त्याच्या हातातून गेलेलाच नसतो. म्हणून क्रम उलटा ठेव. आधी तू लिही, चालव, मग एआयला दाखव आणि विचार यात कुठल्या वेळी चुकीचं उत्तर येईल. ते जे सांगेल ते फाईल पुसून स्वतः लिही.

असाच प्रकार क्लासचा. मी एका क्लासमधून आलेल्या सहा जणांना भेटलोय, चाळीस-पन्नास हजार भरलेले, सहाही जणांचा प्रोजेक्ट सारखाच, रंग वेगळे. मास्तर पुढे टाईप करणार आणि मुलं मागून उतरवून घेणार. मला त्या मुलांचं फार वाईट वाटलं, घरच्यांनी पैसे कुठून आणले असतील कोण जाणे. फ्री कोड कॅम्प आणि ओडिन प्रोजेक्ट हे ऑनलाईन अभ्यासक्रम दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींत स्वतः करायला लावतात, त्यातलं एकच निवड आणि शेवटपर्यंत जा. आणि व्हिडिओ बघायचाच असेल तर तो किती जुना आहे ते बघ, व्हेरिएबल बनवायला सगळीकडे व्हार दिसत असेल तर तो २०१५ च्या आधीच्या पद्धतीचा आहे, लेट आणि कॉन्स्ट तेव्हा आले. मांडणी फ्लोटने करत असतील तर तोही जुना, ग्रिड २०१७ पासून ब्राउझरमध्ये आहे.

१०० दिवसांच्या चॅलेंजबद्दल. अलेक्झांडर कॅलवेने ते २०१६ मध्ये सुरू केलं, रोज किमान एक तास कोड आणि काय केलं ते जाहीर सांगायचं. कल्पना चांगली आहे, जाहीर सांगितल्याने माणूस टिकतो. पण मी बघितलंय की तिसाव्या-चाळिसाव्या दिवसानंतर लोक शिकण्यापेक्षा साखळी जपायला लागतात, रात्री पावणेबाराला प्रोजेक्टच्या माहितीच्या रीडमी फाईलमधला एक स्वल्पविराम बदलून गिटहब या कोड ठेवायच्या साईटवर त्या दिवसाचा हिरवा ठिपका मिळवतात. घ्यायचं तर घे, पण तुझा हिशोब वहीतल्या ओळींवर ठेव, ठिपक्यांवर नको. शिफ्ट वाढली, घरी पाहुणे आले, आजारी पडलास, तेव्हा दीड तास होणार नाही, त्या दिवशी फक्त कोरी फाईल, पंधरा मिनिटं, एकच फंक्शन, आणि झोप. झोप कमी करून कोड करू नको, थकलेल्या डोक्याने लिहिलेलं दुसऱ्या दिवशी सगळं परत लिहायला लागतं. आणि बसमध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर दहा ओळींचा कुणाचा तरी कोड वाचून कागदावर लिही की काय छापून येईल, संध्याकाळी चालवून ताडून बघ. याला वेगळा वेळही लागत नाही.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, पहिल्या आठवड्यापासून वापर. लिनस टॉर्व्हाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी केलं होतं, फार खोलात जायची गरज नाही, ॲड, कमिट, डिफ, लॉग एवढं पुरे. पण कमिटचा मेसेज 'अपडेट' असा लिहू नको. 'खाडा एक दिवस मागे सेव्ह होत होता, तारीख स्थानिक वेळेने काढली' असा लिही, मराठीत लिहिलास तरी चालतो. कमिट करायच्या आधी डिफ वाचायचा, म्हणजे आज आपण नेमकं काय बदललं ते स्वतःला कळतं. दिवसाची शेवटची दहा मिनिटं याला आणि वहीला.

रिॲक्ट. फेसबुकने ते २०१३ मध्ये खुलं केलं आणि पुण्यात बाणेर असो, खराडी असो की हिंजवडी, नोकरीच्या जाहिरातीत ते सगळीकडे दिसतं, म्हणून तुझी घाई मला समजते. पण ते कशासाठी आहे ते कळायला आधी त्याच्याशिवाय त्रास व्हायला पाहिजे. खाड्यांच्या पानात तू एक चौकोन टॅप करतोस, मग ॲरे बदलायचा, चौकोनाचा रंग बदलायचा, खालची एकूण वजावट बदलायची, वरचा 'या महिन्यात इतके खाडे' हा आकडा बदलायचा, आणि यातलं एक विसरलास की पान खोटं बोलतं. तिसऱ्यांदा हे विसरशील तेव्हा मनात येईल की मी फक्त ॲरे बदलावा आणि पान आपलं आपण जुळावं असं काही आहे का. त्या दिवशी रिॲक्ट उघड, दोन आठवड्यांत त्याचा मूळ भाग समजेल. त्याच्या आधी उघडलंस तर यूज स्टेट, यूज इफेक्ट हे नुसते मंत्र पाठ होतील. तुझ्या वेळेच्या हिशोबाने मला वाटतं चार ते पाच महिने साध्या जावास्क्रिप्टचे, मग रिॲक्ट.

मी मुलाखत घेतो तेव्हा काय विचारतो तेही सांगून ठेवतो. समोरच्याचं प्रोजेक्ट उघडायला लावतो आणि एक बारीक बदल सांगतो. खाड्यांचंच असेल तर म्हणेन, आता सलग तीनच्या ऐवजी दोन कर, आणि साखळी एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात गेली तरी धर. दहा मिनिटांत पूर्ण झालं नाही तरी चालतं मला, पण तो योग्य फाईल उघडतो का, कुठल्या ओळीला हात लावायचा ते त्याला ठाऊक आहे का, 'आधीच्या महिन्याचा डेटा कुठून आणू' असा प्रश्न तो विचारतो का, हे मी बघतो. ती बार्शीची मुलगी आता स्वतः मुलाखती घेते, तिलाही मी असाच प्रश्न विचारताना ऐकलंय.

आणि लॅपटॉप. ४ जीबीवर एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि छोटं नोडचं काम होतं, फक्त ब्राउझरच्या तीन-चारच टॅब ठेव आणि व्हीएस कोडमधली नको असलेली एक्स्टेन्शन काढून टाक, तसंही कोऱ्या फाईलला ती लागत नाहीत. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर नवीन लॅपटॉपच्या आधी त्यात एसएसडी टाकून घे आणि मॉडेलला चालत असेल तर रॅम ८ कर, त्यात बराच फरक पडतो आणि खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने फारच कमी आहे. पुढे डॉकर वगैरे लागेल तेव्हा मोठ्या मशीनचं बघू. आज रात्री सूचना बंद करून कोरी फाईल उघड, सांगाडा हाताने लिही, आणि जे आठवलं नाही ते वहीत आजची तारीख टाकून उतरव. आठवड्याने त्या पानाचा फोटो पाठव, मी बघतो.